दारावर आणलेली पोरं

सत्काराच्या कार्यक्रमांची मला पहिल्यापासून चीड आहे. शाल, श्रीफळ, माइकवर फुंकर मारून बघणारा माणूस, आणि ज्याचा सत्कार त्याच्याविषयी काहीही ठाऊक नसलेल्याचं लांबलचक भाषण. तरी आमच्या बाईंचा सत्कार झाला ते योग्यच झालं असं मी मानते. आणि त्याच दिवशी वॉर्डात जे झालं ते मला अजून विसरता आलेलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच दिवशीच्या आहेत, म्हणून पहिल्यापासून सांगावं लागेल.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या होत्या आणि आत जुनीच टेबलं होती. मी अहमदपूरकडची. नर्सिंग करून त्या जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात नवीनच लागले होते. अंगानं काडी आणि तोंडानं फटकळ. मुलांच्या वॉर्डच्या ज्या मुख्य सिस्टर होत्या त्यांना शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळे नुसतं 'बाई' म्हणत. त्या नांदेड जिल्ह्यातल्या, मुखेडच्या बाजूच्या. आवाज कधी चढायचा नाही, पण त्यांनी एकदा सांगितलेलं पुन्हा विचारायची कुणाची छाती नव्हती. माझं आणि त्यांचं पहिल्याच आठवड्यात वाजलं, कारण मी एका नातेवाइकाला 'पोर आहे की पोतं' असं विचारलं होतं. बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यानं पोतंसुद्धा इतक्या मायेनं उचललं नसतं. त्याला कसं उचलायचं ते कुणी सांगितलंय का?" मला राग आला, कारण त्यांचं खरं होतं.

दुष्काळ होता. विहिरी तळाला गेल्या होत्या. तळच्या खडकात कुठंतरी एखादा झरा पाझरायचा, तिथं बसून वाटीवाटीनं घागर भरायची. मोठ्या माणसाला तिथं बसायला जागा नसायची आणि त्याला वर ओढायचं म्हणजे चार जण लागायचे. म्हणून कमरेला दोर बांधून पोरांना उतरवायचे. पोरांनाही त्यात मोठेपणा वाटायचा. मग कधी दोर कडेला घासून तुटायचा, कधी गाठ सुटायची, आणि ते पोर आमच्याकडे यायचं.

यायचं ते खांद्यावर. पडलेल्या पोराला आधी उभं करून बघायचे, मग गदागदा हलवायचे, मग तोंडात पाणी ओतायचे. तांब्याभर पाण्यावरून गावात डोकी फुटत होती, पण पडलेल्या लेकराला पाणी द्यायला कुणी मागंपुढं बघायचं नाही. माया होती ती, दुसरं काय. तेच पाणी बेशुद्ध पोराच्या छातीत उतरायचं. मग बाप त्याला खांद्यावर टाकून डांबरी सडकेपर्यंत पळायचा आणि तिथून येष्टीत मांडीवर बसवून आमच्याकडे आणायचा.

अशीच एक मुलगी आली, सात-आठ वर्षांची. बापानं खांद्यावरून उतरवून टेबलावर ठेवली. कमरेखाली काही हालचाल नव्हती. आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी तळव्याला टाचणी टोचली, ती तिला कळली नाही. तिची आई मात्र घाबरलेली नव्हती. उलट आमचीच समजूत घालत होती.

"काई भ्यायचं काम न्हाई, डॉक्टरसाहेब. हिरीतून वर काढली तवा चांगली पाय झाडीत होती. बापाला लाथ मारली की तिनं. खांद्यावर घेतलं तर म्हणली, लई दुखतंय, खाली ठिवा. म्हंजी पायात जीव हाय तिच्या."

डॉक्टरांनी बाईंकडे बघितलं. बाई मुलीचे केस मागं सारत होत्या, त्यांचा हात तिथंच थांबला. तिचा बाप, एक उंच, हडकुळा शेतकरी, भिंतीला टेकून धापा टाकत होता. इतकं अंतर तो न थांबता पळत आला होता.

नंतर बाजूच्या खोलीत डॉक्टर म्हणाले, "मणका विहिरीत मोडला. पण आतली दोरी, मज्जारज्जू, तेव्हा शाबूत असणार, पाय हलत होते म्हणजे. ती खांद्यावर चिरडली. शंभर टक्के कुणी सांगू शकत नाही, पण असंच झालं असणार." ते चांगले डॉक्टर होते. खांद्यावर नेल्यानं असं होतं हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं, बाईंनाही होतं. पण दवाखान्याच्या पायरीवर जे येतं त्याच्यावर इलाज करायचा, पायरीच्या पलीकडं आपला इलाका नाही, अशीच आमची सगळ्यांची समजूत होती. बाई त्या दिवशी म्हणाल्या, "साहेब, पोरं पडून अपंग होतात असं आपण लिहितो. पोरं आणताना अपंग होत आहेत. विहिरीपर्यंत जायला पाहिजे."

मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "हे त्या बापाच्या कानावर जाता कामा नये. तो माणूस जगायचा नाही."

"मग बाकीच्या बापांना कसं कळणार?" मी विचारलं.

"ते मी बघते," त्या म्हणाल्या. पण ते बघणं इतकं सोपं नव्हतं आणि ते त्यांनाही कळत होतं.

डॉक्टरांनी आम्हाला बांधणं शिकवलं. बाज चालत नाही, मधे खोलगट होते. सपाट, टणक काहीतरी हवं, आणि खेड्यात तसं एकच असतं, घराचं दार. दार काढून खाली ठेवायचं, चौघांनी मिळून पोराला एकदम, न वाकवता त्यावर घ्यायचं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारीच्या पुरचुंड्या लावायच्या आणि कपाळ, छाती, कंबर, गुडघे धोतरानं किंवा पटक्यानं दाराशी बांधायचे. पाणी पाजायचं नाही. इतकंच. हे सांगायला बाई सुटीच्या दिवशी पाण्याच्या टँकरवर बसून खेड्यात जाऊ लागल्या, कारण टँकर आला की अख्खं गाव विहिरीवर गोळा व्हायचं. पडलेलं पोर म्हणून निजायला बाईंना कुणीतरी हलकं हवं होतं. ती मी.

पहिल्या गावात मी दारावर निजले. बाईंनी माझं कपाळ बांधलं, छाती बांधली आणि कमरेला गाठ मारत होत्या, तेवढ्यात गाव एकदम गप्प झालं. मला फक्त आभाळ दिसत होतं. बायका पोरांना मागं ओढत असल्याचा आवाज आला. मग एक म्हातारा म्हणाला, "बाई, सोडा त्या पोरीला. जित्या माणसाला असं निजवून बांधत नसतात. आमच्यात ते एकदाच बांधतात."

मला बांधून निजवलेलं बघून त्यांना तिरडी दिसत होती. हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आम्हीही त्यातल्याच घरांतून आलेल्या, पण दवाखान्यात राहून आमची नजर बदलली होती. एका म्हातारीनं माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या आणि माझ्या आईला हे कळलं तेव्हा तिनं नोकरी सोडून घरी ये असा निरोप धाडला. टँकरचा ड्रायव्हर मात्र खूश होता. दर खेपेला विचारायचा, "शिष्टर, आज कुठल्या गावात मरायचंय?"

गावोगाव हेच. दुखणं समजावून सांगितलं तर लोक माना डोलवायचे आणि मला बांधायला घेतलं की पांगायचे. लेकरू वाचावं म्हणूनच ते त्याला बांधत नव्हते. बांधलं म्हणजे आपणच त्याला गेलेलं ठरवलं, अशी त्यांची भीती. ती भीती मला मूर्खपणाची वाटायची आणि मी तसं बोलूनही दाखवायचे. बाई मला टँकरमागं पाठवून द्यायच्या.

एका गावात किराण्याचं दुकान चालवणारी एक लिंगायत आजी होती. गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे पट्टे. ती पुढं आली आणि त्या म्हाताऱ्या माणसांनाच म्हणाली, "आमच्यात गेलेल्या माणसाला बसवून नेतात, बसवूनच माती देतात. तुम्ही पडलेलं लेकरू येष्टीत बसवून नेता, ते आमच्या डोळ्यांना कसं दिसत असंल? आमच्यात निजलेलं माणूस जितंच असतंय." लोक हसले. बाईंनी ते बोलणं उचललं आणि पुढं प्रत्येक गावात सांगितलं. लिंगायतांच्या घरांतून होकार आला. बाकीचे म्हणायचे, तुमचं तुमच्यात.

त्यावर बाईंनी विचार करून एक गोष्ट बदलली. तिरडी खांद्यावर जाते. मग दार खांद्यावर घ्यायचंच नाही. दोन्ही बाजूंनी हातांनी धरून कमरेइतक्या उंचीवर न्यायचं, तोंड उघडं ठेवायचं आणि आईनं डोक्याशी चालत पोराशी बोलत राहायचं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, हे जास्तच बरं, हिसके कमी बसतील. लोकांचा विरोध जरा नरमला. पण मग ते वेगळं विचारू लागले. "ठीक हाय, पर खांद्यावर का न्हाई? बापाच्या खांद्याहून बरं काय असतंय?"

इथं बाई अडखळायच्या. "डॉक्टरांनी सांगितलंय," एवढंच म्हणायच्या. खरं कारण सांगायचं म्हणजे त्या गर्दीतल्या, आधी पोर खांद्यावर आणलेल्या प्रत्येक बापाला सांगायचं की ते तू केलंस. ते त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. आणि कारण कळल्याशिवाय कुणी दार काढत नव्हतं. पोरं खांद्यावरच येत राहिली. एक मुलगा येष्टीतच गेला. त्याच्या आईला ते कळलं नव्हतं, ती त्याला वारा घालत उतरली. मला वाटायचं, सांगून टाका एकदाचं. ते सांगणं म्हणजे काय असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्या मुलीच्या गावाला जायचं बाई टाळत होत्या. टँकरच्या फेऱ्या बदलल्या आणि शेवटी तिथंच जावं लागलं. तिचा बाप घागर घेऊन रांगेत उभा होता. मुलगी आणि आई वॉर्डातच होत्या, तो आठवड्यातून एकदा भाकरी घेऊन यायचा. बाईंना बघून त्याला आनंद झाला. सगळं बांधणं त्यानं नीट बघितलं. मग विचारलं, "बाई, खांद्यावर घेतलं तर काय होतंय?"

बाईंनी माझ्या गुडघ्याची गाठ सोडून पुन्हा बांधायला घेतली.

"पाय हलत असले तर चालत असंल ना?"

मी दारावर बांधलेली, मला मान वळवता येत नव्हती. बाईंचे हात माझ्या गुडघ्याच्या गाठीवर होते, ते मला कळत होते. तिथं त्या परत 'डॉक्टरांनी सांगितलंय' म्हणाल्या असत्या तर काही बिघडलं नसतं, निदान त्या दिवशी तरी नाही. पण त्या म्हणाल्या, "मोडलेला मणका वाकला की आतली दोरी तुटते. मग पाय हलायचे थांबतात."

"म्हंजी माझ्या खांद्यावर थांबले."

"नक्की कुणी सांगू शकत नाही, दादा."

"तुमाला काय वाटतं ते सांगा."

"थांबले असतील," बाई म्हणाल्या.

घागर ठेवल्याचा आवाज आला. मला कुणीतरी सोडवलं तेव्हा तो विहिरीच्या काठावर बसलेला होता आणि बाई त्याच्या आणि विहिरीच्या मधे जमिनीवर बसल्या होत्या, पदराचं भान न ठेवता. टँकर रिकामा झाला, लोक गेले, तरी त्या तिथून हलल्या नाहीत. जाताना तो एवढंच म्हणाला, "हे तिच्या आईला सांगू नका. मी सांगीन."

तो सांगणार नव्हता, आणि त्यानं सांगितलंही नाही. पण पुढच्या फेरीला तो टँकरवर आमच्याबरोबर होता. त्या गावात कुणीतरी विचारलं, खांद्यावर का न्हाई. तेव्हा तो उठला आणि सरळ म्हणाला, "मी नेली होती. हिरीपाशी पाय हलत होते. दवाखान्यात पोचलो तवा न्हाई." एका माणसानं जाऊन स्वतःच्या घराचं दार काढून आणलं आणि बांधून बघितलं. तो बाप मग गावोगाव आला. तेवढीच दोन-तीन वाक्यं बोलायचा आणि टँकरच्या सावलीत जाऊन बसायचा. ड्रायव्हरनं माझी चेष्टा करणं सोडून दिलं.

पोरं दारांवर येऊ लागली. पहिलं आलं ते येष्टीच्या मधल्या वाटेत दार आडवं टाकून, कडी-कोयंड्यासकट. त्या मुलाचे पाय टेबलावर हलले तेव्हा मी संडासात जाऊन रडले. वॉर्डबाहेर व्हरांड्यात दारं भिंतीला लावलेली असायची, निळी, हिरवी, हळदीची बोटं उठलेली. लोक परत न्यायला येईपर्यंत त्यांची घरं उघडी राहायची. सगळी पोरं वाचली असं नाही, डोक्याला मार असेल तर दार काय करणार? पण आणताना अपंग होणं कमी झालं, आणि ते बाईंमुळे झालं. कुणी काही म्हणो, मी हे कुठंही उभं राहून सांगेन. बाई जे बोलायला कचरत होत्या ते त्यांनी एका माणसाच्या तोंडावर सांगितलं आणि सांगून पळून गेल्या नाहीत.

वॉर्डात मात्र भलतंच चाललं होतं. दारांबरोबर ती गोष्टही यायची. नवे नातेवाईक त्या मुलीच्या आईशेजारी बसून सांगायचे, "एका बापानं म्हणं पोरगी खांद्यावर नेऊन अपंग केली. तोच सांगत फिरतोय गावोगाव." त्याचं गाव कुणाला नीट ठाऊक नसायचं. ती आई ऐकायची आणि हळहळायची. एकदा माझ्यासमोर म्हणाली, "कसला बाप असंल. आन् त्या बाईनं त्याला घरात तरी कसं घेतलं असंल." मी सलाइनची बाटली बदलत होते. ती अडकवली आणि पुढच्या खाटेकडे गेले.

पुढं नव्या जिल्ह्यानं चांगलं काम करणाऱ्या काही लोकांचा झेंडावंदनानंतर सत्कार करायचं ठरवलं. त्यात बाईंचं नाव होतं. बाई आधी नको म्हणाल्या. मग डॉक्टर म्हणाले, तिथं मोठे साहेब असतील, एसटी स्टँडांवर दारांऐवजी लाकडी फळ्या ठेवायचं तिथल्या तिथं मागता येईल. त्या कबूल झाल्या. वॉर्डात आनंद झाला आणि सगळ्यांत जास्त त्या मुलीच्या आईला. मुलीला पाठीवर घेऊन आपण मैदानावर जायचंच, असं तिनं ठरवून टाकलं. मैदानावर भाषणं होणार आणि भाषणांत तो बाप येणार, हे उघड होतं. कदाचित तो स्वतःच तिथं उभा असणार.

त्या सकाळी बाई इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत वॉर्डात आल्या. आई मुलीच्या पायांना तेल लावत होती. बाई तिच्याजवळ खाटेवर टेकल्या आणि त्यांनी सांगितलं. आडवळणं घेतली नाहीत. तो बाप म्हणजे तिचा नवरा, आणि पाय त्याच्या खांद्यावर गेले हे आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हेही सांगितलं. पलीकडच्या खाटेवर नातवाशेजारी बसलेली म्हातारी माळ ओढायची थांबली.

आईचा हात पोटरीवरून खाली गेला, परत वर आला. मग ती म्हणाली, "म्हंजी हे पाय हलायचे न्हाईत."

"नाही, माय."

"मग मला रोज तेल कशापायी लावू दिलं?"

बाई खाटेवरून उठल्या नाहीत. खाली जीप आल्याचं सांगायला शिपाई दोनदा आला. शेवटी डॉक्टर स्वतः वर आले आणि बाईंना घेऊन गेले. नंतर कळलं, बाईंनी शाल खांद्यावर राहू दिली नाही, घडी करून हातात धरली, आणि फळ्या मागितल्या. फळ्या मिळाल्याही. टाळ्या पुष्कळ पडल्या म्हणे.

मी ड्यूटीवर होते. मैदानावर न जाता तो बाप भाकरीचं गाठोडं घेऊन वॉर्डात आला. दारातच त्याला बायकोचा चेहरा दिसला आणि तो तिथंच उभा राहिला. मला वाटलं, ती आता ओरडेल, उठून जाईल, काहीतरी फेकून मारेल. मी दोघांच्या मधे जायला तयार होते. ती खाटेवर थोडी सरकली. तेलाची वाटी त्याच्या बाजूला ठेवून म्हणाली, "आता तुम्ही लावा." आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

तो खाली बसला. बोटं तेलात बुडवली आणि मुलीच्या पावलाला हात लावला, जेमतेम, काचेला लावावा तसा. मुलगी त्याला बघून हसली. तिला बाप आल्याचा आनंद झाला होता.

"आबा, जोरात चोळा की," ती म्हणाली. "मला न्हाई दुखत."

तो चोळत राहिला.